वारंवार विचारले जाणारे प्रश्न : आजीच्या जात्यापासून सुपारीपर्यंत

गाण्याचा कार्यक्रम संपून वायरी गुंडाळायला घेतल्या की चहासोबत प्रश्न येतात. फोनवर येतात, लग्नाच्या पंगतीत येतात. एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलं, "ताई, चाल आधी सुचते का शब्द?" उत्तरं तीच असतात, म्हणून एकदाची लिहून ठेवते. सुपारीसाठी, म्हणजे कार्यक्रम ठरवायला, आलेल्यांनी पैशांचा प्रश्न आधी वाचावा, तो मध्ये कुठेतरी आहे.

तुम्ही नेमक्या कुठल्या?

परभणी जिल्ह्यातली. गंगाखेड सोडून गोदाकाठानं थोडं पुढं आलं की आमचं गाव. नकाशात गोदावरी असली तरी आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात. "गंगंला पाणी आलं" म्हटलं की कुणी उत्तरेकडे बघत नाही.

गाणं कुणाकडून शिकलात? गुरू कोण?

आजी. पण ती शिकवायला बसली आणि मी शिकले, असं काही झालं नाही. माझे आई-बाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची, भांडी, कोंबड्या, शेळी असं सगळं भरून दोघं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचे ते उन्हाळा लागल्यावरच परत. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं "एक कोयता" म्हणतात. दोन माणसांचा एक कोयता, आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, तीही कोयत्यावर. शाळा बुडू नये म्हणून मी आजीजवळ राहायचे, म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने मी आजीची.

गावात गिरणी केव्हाच आली होती. तरी आजीनं जातं काढलं नाही. तुरीची डाळ भरडायला, लग्नात हळद दळायला ते लागायचंच. बाकी दिवशी ती उगाच मूठभर काहीतरी घेऊन पहाटे बसायची, हे मला फार उशिरा कळलं. दळण हे निमित्त होतं. लेक आणि जावई कुठल्या फडावर असतील, तिथल्या कोपीत, म्हणजे खोपटात, थंडी वाजत असेल का, हे ती मला सांगायची नाही, जात्याला सांगायची. दोन ओळींची ओवी संपली की दगडाची घरघर, मग पुढची. त्या घरघरीत ती पुढची ओवी जुळवत असायची. लहानपणी मला वाटायचं तिला सगळ्या पाठ आहेत. पुष्कळ पाठ होत्याच, पण काही त्याच पहाटे जन्मायच्या आणि उजाडेपर्यंत विसरून जायच्या.

पुढं भजनी मंडळात पेटी ऐकून सूर कळला. रेडिओच्या पहिल्या आवाज-चाचणीत मी नापास झाले, कारण तालाला धरून गायची सवयच नव्हती. जात्याचा ताल बाईच्या दमावर चालतो, तबल्यावर नाही. त्यानंतर एका हलगीवाल्या काकांच्या मागं मागं दोन वर्षं फिरून ठेका शिकले.

तुम्ही शाहीर, गोंधळी की आराधी?

यातली एकही नाही. शाहीर डफावर पोवाडा गातो, वीररस हे त्याचं घर आहे. गोंधळ हा गोंधळी समाजाचा कुलाचार. संबळ आणि तुणतुणं त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे, पोत पेटवून देवीला आवाहन करायचा मान त्यांचा. आराधी तुळजाभवानीच्या, येडेश्वरीच्या नावानं परडी घेतलेले भक्त. माळेगावच्या जत्रेत खंडोबाचं जागरण घालणारे वाघ्या-मुरळी ही आणखी निराळी वाट.

मी हे सगळं ऐकून वाढले, ठेके उचलले, पण "स्टेजवर दहा मिनिटांचा गोंधळ करून दाखवा" अशी सुपारी आली तर मी तालुक्यातल्या गोंधळ्याचा नंबर देते. तो माझ्यापेक्षा चांगला करतो आणि त्याची चूल त्यावर चालते. मला लोकगीतं लिहिणारी आणि गाणारी म्हणा. पत्रिकेवर जागा उरत असेल तर नुसतं "गायिका" लिहा. "गानकोकिळा" कृपा करून लिहू नका.

चाल आधी की शब्द?

ओवीत हे वेगळे होतच नाहीत. एक उदाहरण देते. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोहोचली, दहा वाघिणी म्हणजे डबे, पाच लाख लिटर. टीव्हीवर गाडीला हार घातलेले दाखवत होते. आमच्या शेजारची मावशी बघता बघता म्हणाली, "आता पान्याचं बी लगीन लागायलंय बग." ते वाक्य डोक्यात घेऊन मी टँकरच्या रांगेत उभी राहिले आणि तिथंच हे आलं :

मिरजेचं पाणी आलं लातुराला रुळावरनं
माझा रांजण मायबाई पालथा गं कवाधरनं

"कवाधरनं" हा शब्द लांबवायला बरा, त्यामुळे चाल आपोआप तिथं वर चढली. पुढची सहा कडवी लिहायला मात्र वर्ष गेलं, आणि त्यातली तीन वाईट आहेत. कार्यक्रमात ती मी गाळते.

शेवटच्या कडव्यात "आजीची नात" असं का येतं? स्वतःचं नाव का घालत नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा बसून सांगते.

जात्यावरच्या ओवीला नाव नसतं. एकीनं केली, दुसरीनं उचलली, तिसरीनं सासरी नेली आणि त्यात आपल्या भावाचं नाव घातलं. एका संशोधन प्रकल्पात महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी ते काम उभं केलं आणि आमच्याच भागातल्या माजलगावातही ध्वनिमुद्रण झालं. तिथं गाणारीचं नाव मिळतं. रचणारी कोण, ते गाणारीलाही सांगता येत नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या गंगाखेडची जनाबाई. तीही दळत-कांडत गायली, पण तिनं अभंगात नाव घातलं. कसं घातलं ते बघा : "नामयाची दासी जनी", "नामयाची जनी". आधी नामदेवाचं नाव, मग तिचं. आणि नामदेव म्हणाल तर त्यांचं जन्मगाव म्हणून आम्ही हिंगोलीकडचं नरसी दाखवतो. थोडं वर सरका, पैठणला. एकनाथांचा काळ १५३३ ते १५९९. भारुडात त्यांनी किती जणांची सोंगं घेतली, जोशी, महार, गोंधळी, वेडी, मुकी, आणि प्रत्येक सोंग उतरवताना सही केली "एका जनार्दनी". जनार्दनस्वामी हे त्यांचे दौलताबादचे गुरू. म्हणजे एवढा मोठा माणूस, पण सही एकट्याची नाही.

गोदेच्या काठावर नाव लावायची ही रीत मला दिसते : लावायचं, पण ज्याच्याकडून आलं त्याला बरोबर घेऊन. आजीला गुरू म्हटलं असतं तर तिनं कान उपटला असता. म्हणून "म्हणे आजीची नात". तिचंही नाव नाही, माझंही नाही, नातं तेवढं आहे.

आणि ते "आजची बात" प्रकरण?

हसा तुम्ही. माझं कोयत्याचं गाणं एका संगीत कंपनीनं दुसऱ्या गायिकेकडून गाऊन घेतलं. मला विचारलं नाही, गाणं "पारंपरिक" म्हणून टाकलं. शेवटचं कडवं त्यांना कळलं नसावं. त्यांच्या गाण्यात "म्हणे आजीची नात"चं झालं "म्हणे आजची बात". आमच्या गावात महिनाभर पोरं मला बघून "काय आक्का, आजची बात काय?" म्हणत होती.

इथवर मी सोडून दिलं असतं. पण मग यूट्यूबवरच्या माझ्याच जुन्या व्हिडिओवर त्या कंपनीचा दावा आला, की हे संगीत आमचं आहे. यंत्र जुळवणी करतं, आधी कोणी गायलं ते त्याला कळत नाही. दोन महिने लिहापढी केली. कामाला आल्या त्या तीन गोष्टी : वहीतलं तारीख घातलेलं पान, गावच्या सप्त्यात कुणीतरी फोनवर केलेलं चित्रण, आणि त्या चित्रणाची जुनी अपलोडची तारीख. दावा उठला. "आजची बात" अजून तिथंच आहे. गायिकेचा आवाज गोड आहे, तिचा काही दोष नाही.

म्हणजे आम्ही गाण्याची नोंदणी करायला पाहिजे का?

कायद्यानं हक्क गाणं तयार झाल्या क्षणी मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पण भांडण झालं तर पुरावा लागतो. प्रताधिकार कायदा १९५७ चा. गीत, चाल आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तिघांचे मालक वेगळे असू शकतात. गीत आणि चाल यांचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा सहजासहजी लिहून देता येत नाही, हे कंपनीचा कागद पुढं आला की आठवा. "सर्व हक्क कायमचे" असं लिहिलेल्या कागदावर मी विसाव्या वर्षी सही केली होती, चार गाण्यांसाठी. ती चार गाणी मी आता कार्यक्रमात गात नाही, म्हणून त्यांची फर्माईश करू नका.

पारंपरिक गाणं गायचं तर परवानगी कुणाची?

जुन्या शब्दांवर कुणाची मालकी नाही. पण दुसऱ्यानं केलेलं ध्वनिमुद्रण त्याचं असतं, ते उचलू नका. आणि ज्या मावशीकडून ओवी घेतली तिचं नाव, गाव निवेदनात घ्या. हे कायद्यात नाही. मला ते कायद्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं, आणि एकदा एका मावशीनं पुढच्या रांगेत बसून आपलं नाव ऐकलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला, तो मी पाहिलाय.

आम्ही तुमची गाणी गाऊ शकतो का?

शाळेत, सप्त्यात, मोर्चात, हळदीत खुशाल गा. पैसे लावून गाणार असाल, छापणार किंवा ध्वनिमुद्रित करणार असाल तर एक फोन करा. शेवटचं कडवं गाळलं तरी चालेल, बदलू नका. कारण वर दिलंच आहे.

भीमगीतं गाता का?

गाते, आणि गाणं लिहायला अर्धी तिथंच शिकले. ओवी मनातलं बोलते. हजार माणसांसमोर विचार कसा मांडायचा, पहिल्या ओळीत माणूस कसा धरायचा, हे मी भीमगीतांतून घेतलं. भीमगीतं लिहिणारे-गाणारे वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, १९२२ चा जन्म, २००४ ला गेले, पण मराठवाड्यातल्या किती वस्त्यांत त्यांनी रात्री जागवल्या ते जुन्या माणसांना विचारा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा, ठराव २७ जुलै १९७८ ला झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत घरं जळाली, माणसं गेली, आणि वस्तीवस्तीत गाणं चालू होतं. १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर गर्दी होते तेव्हा दर दहा पावलांवर वेगळा गायक, वेगळं स्टेज असतं. तिथं मी गायिले आहे. तिथला श्रोता चुकीची ओळ तोंडावर दुरुस्त करतो, त्यामुळे पाठांतर करून जावं.

सुपारी किती घेता?

आकडा इथं लिहीत नाही, कारण अंतर आणि माणसं बदलतात. पण हिशोब सांगते. आम्ही पाच जण : मी, हलगी, ढोलकी, पेटी आणि एक झीलकरी, म्हणजे मागं सूर धरणारा, जो गाडीही चालवतो. मिळालेल्या बिदागीतून आधी डिझेल, मग साथीदार, उरलं तर मी. साथीदारांचे पैसे त्याच रात्री द्यायचे, हे मी पाळते. "पुढच्या वेळी एकदम देतो" म्हणणाऱ्या एका मंडळाचा कार्यक्रम मी तीनदा केला. पुढची वेळ आलीच नाही. आता निम्मे पैसे आधी घेते.

गाण्याचा हंगाम गणपतीपासून अक्षय तृतीयेच्या लग्नसराईपर्यंत, मध्ये पितृपक्षात सगळं थंड. मिरगापासून पोळ्यापर्यंत कुणी बोलवत नाही. तेव्हा आमचं सोयाबीन आणि तूर असते. व्हिडिओंचे पैसे येतात, पण वर्षाचे मिळून एका बऱ्या कार्यक्रमाएवढेही होत नाहीत. हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तास पाहणं झालं की मगच ते सुरू होतात. माझे ते पूर्ण झाले तेव्हा मुलानं पेढे वाटले, पेढ्यांचे पैसे अजून वसूल व्हायचेत.

स्वतंत्र कलाकार म्हणजे काय?

म्हणजे पोस्टरही मीच चिकटवते.

ध्वनिमुद्रणाचं विचारत असाल तर आमचा स्टुडिओ म्हणजे कापसाची खोली. डिसेंबरात वेचणी झाली की भाव वाढायची वाट बघत कापूस घरातच पडून असतो, छतापर्यंत. त्या खोलीत आवाज घुमत नाही, एकदम कोरडा, जवळचा येतो. पहिल्या संग्रहातली आठ गाणी तशी झाली. फक्त एकदा वीज रात्री दोनला यायची म्हणून आम्ही दोन ते पाच गायलो, आणि एकदा उंदीर. नंतर व्यापारी आला, भाव बरा होता, कापूस गेला. उरलेली दोन गाणी रिकाम्या खोलीत केली. ऐकणारे विचारतात की शेवटची दोन गाणी देवळात गायलीत का. नाही हो, कापूस विकला होता.

तुमची दिमडी घोरपडीच्या कातड्याची आहे का?

नाही. दिमडी म्हणजे हातात धरून वाजवायचं डफासारखं छोटं वाद्य. पूर्वी ती तशी असायची, आवाजही खणखणीत. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे, तिला मारणं गुन्हा आहे. माझी बकऱ्याच्या कातड्याची आहे. पावसाळ्यात ती आणि हलगी दोन्ही सैल पडतात, मग गाण्याआधी कडबा पेटवून शेकाव्या लागतात. मंडपवाल्यांनी तेव्हा पळत येऊन पाणी ओतू नये, ही विनंती. असं दोनदा झालंय.

रात्रभर गाल का?

माइकवर दहापर्यंतच. ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हा नियम २००० पासून आहे. सणावाराच्या ठरावीक दिवशी सरकार बारापर्यंत सूट देतं. दहानंतर माइकशिवाय अंगणात बसून गायचं असेल तर मला जास्त आवडेल. खरं गाणं तेव्हाच सुरू होतं, असं माझा हलगीवाला म्हणतो. त्याला दहानंतर चहा लागतो.

आवाजासाठी काय खाता?

भाकरी. ज्येष्ठमधाच्या काड्या लोक भेट देतात, त्या मुलं खातात. माझी पट्टी काळी चार. वय झालं तर खाली येईन.

टीव्हीवरच्या स्पर्धेत का जात नाही?

एकदा गेले होते. ओवी दीड मिनिटात संपवा म्हणाले.

घरच्यांचा विरोध होता का?

सासूबाईंचा होता. आता त्या झील धरतात आणि मी चुकले की माइकसमोर सांगतात.

म्हाताऱ्या कलावंतांना सरकारी मानधन मिळतं का?

मिळतं. वय ५० च्या पुढं असावं लागतं, उत्पन्नाची अट आहे, कलेत काही वर्षं घालवल्याचे पुरावे लागतात. आता महिन्याला ५,००० रुपये आहेत. अर्ज करताना अडचण पुराव्यांची येते : जन्मभर हळदीत आणि जात्यावर गायलेल्या बाईकडे कुठलं प्रशस्तिपत्रक? आमच्या भागात मी तीन जणींचे अर्ज भरून दिले. गावकऱ्यांनी सत्कार केले, फोटो काढले, पत्रिका छापल्या, मग कागद जमले. सत्कार खरेच होते, फक्त चाळीस वर्षं उशिरा झाले.

माझ्या आजीला पुष्कळ ओव्या येतात. तुम्हाला पाठवू का?

पाठवा, पण आधी स्वतः नीट मुद्रण करा. माझ्या आजीचा आवाज माझ्याकडे एकच आहे, मावशीच्या हळदीच्या कॅसेटवर, साडेतीन मिनिटं. त्यातला निम्मा वेळ बँडवाला सनई जुळवतोय. तेव्हा सांगते ते ऐका.

"आजी, ओव्या म्हण" असं म्हणू नका, ती म्हणणार नाही, लाजेल. जातं असेल तर घासून पुसून मांडा, मूठभर तूर द्या, आणि जोडीला तिच्या वयाची दुसरी कुणी बसवा. एकटीला सुचत नाही, दोघींची चढाओढ लागते. फोन पंख्याखाली ठेवू नका. खाली गोधडी टाकून जात्यापासून हातभर लांब ठेवा, नाहीतर नुसती घरघर येते. मध्ये थांबवू नका, चुकली तरी. ओवी तुटून ती रडायला लागली तरी फोन बंद करू नका, पण तिच्याकडे बघा. झालं की त्याच बैठकीत विचारा : ही कुणाकडून आली? माहेरची की सासरची? ते नाव आणि गाव फोनमध्येच बोलून ठेवा, तारखेसह. मग तिला परत ऐकवा. बहुतेक वेळा ती म्हणते, "ह्यॅ, हे असं नाय," आणि तेव्हा पुन्हा मुद्रण सुरू करा. दुसऱ्यांदा जे येतं ते मला पाठवा.